बाळंतपणाची तयारी: आई आणि बाळासाठी काय जवळ ठेवावे?

प्रसूतीची तारीख जवळ आली की घरात बाळाच्या खरेदीची गडबड सुरू होते. पाळणा येतो, कपडे येतात. पण मध्यरात्री कळा सुरू झाल्यावर तपासणीची फाइल सापडत नाही आणि घरी आल्यावर आईसाठी पुरेसे पॅड नसतात. बाळाची यादी लांब आणि आईची आखूड, अशी चूक अनेक घरांत होते. प्रसूतीनंतरचे सहा आठवडे दोघांसाठीही नाजूक असतात. म्हणून ३६ वा आठवडा लागण्यापूर्वीच पुढील तयारी करा.

रुग्णालयात न्यायची बॅग

- माता व बाल संरक्षण कार्ड, रक्तगटासह सर्व अहवाल, सोनोग्राफी, ओळखपत्र, विम्याची कागदपत्रे
- समोरून उघडणारे दोन-तीन गाऊन, सैल सुती अंतर्वस्त्रे, मोठे पॅड
- बाळासाठी धुऊन उन्हात वाळवलेली झबली, लंगोट, टोपडी, मोजे आणि तीन-चार मऊ दुपटी

रुग्णालयात जायचे वाहन आणि सोबत येणारी व्यक्ती आधीच ठरवा. १०२ आणि १०८ हे रुग्णवाहिकेचे क्रमांक घरातील सर्वांच्या फोनमध्ये असू द्या.

घरी आईसाठी

प्रसूतीनंतर अंगावरून जाणे चार ते सहा आठवडे चालू राहू शकते. ते सुरुवातीला लाल, मग तपकिरी, शेवटी पिवळसर-पांढरे होते. पॅड दर चार ते सहा तासांनी बदला. डॉक्टरांनी दिलेल्या लोह व कॅल्शियमच्या गोळ्या साधारणपणे सहा महिने घ्यायच्या असतात. दोन्ही एकत्र घेऊ नका. डिंकाचे किंवा अळिवाचे लाडू जरूर खा, पण भाकरी, डाळ, पालेभाज्या, फळे, दूध, अंडी हा रोजचा आहारही हवा. पाणी कमी पिण्याची गरज नाही.

घरी बाळासाठी

बारा-पंधरा लंगोट, सहा-आठ झबली, ऊबदार पांघरूण आणि डिजिटल थर्मामीटर एवढे पुरते. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, त्यामुळे बाटली किंवा दुधाची पावडर आधीपासून आणून ठेवू नका. दूध पुरत नाही असे वाटल्यास आधी डॉक्टरांना दाखवा.

या वस्तू यादीतून काढा

- मध, घुटी, ग्राइप वॉटर: जंतुसंसर्गाचा धोका असतो आणि दूध पिणे कमी होते.
- काजळ: डोळ्यांना संसर्ग होऊ शकतो, काही काजळांत शिसे असते.
- पावडर: तिचे कण श्वासातून फुप्फुसात जातात.
- नाळेला लावायचे तेल, हळद, राख: नाळ कोरडी व उघडी ठेवावी.
- धुरी, शेगडी: बंद खोलीतील धूर आई आणि बाळ दोघांनाही घातक आहे. ऊब देण्यासाठी बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालावे.

ताबडतोब रुग्णालयात कधी जावे?

आई: तासाभरात पॅड पूर्ण भिजणे, १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, तीव्र डोकेदुखी व अंधारी, झटके, धाप लागणे, एका पोटरीला सूज व वेदना.

बाळ: दूध न ओढणे, सुस्ती, मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, ताप किंवा अंग गार पडणे, तळहात-तळपाय पिवळे दिसणे, झटके, नाळेभोवती लाली किंवा पू.

ही यादी कागदावर लिहून भिंतीवर लावा. सव्वा महिना पूर्ण व्हायचा आहे म्हणून बाहेर पडायचे नाही, असे यापैकी कोणत्याही लक्षणाच्या वेळी म्हणू नका. घरी भेटीला येणाऱ्या आशाताईंनाही शंका विचारा. बाळाच्या आजीला ही यादी आधीच वाचून दाखवली, तर ऐनवेळी वाद न होता लवकर निर्णय घेता येतो.