गोंदिया, दिल्ली आणि फुटबॉल

क्रीडा मंत्रालय जुनं वाटतं ना? १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या वेळी नुसता क्रीडा विभाग निघाला; स्वतंत्र मंत्रालय झालं २००० साली. म्हणजे १ मे १९९९ चा आपला गोंदिया जिल्हा त्याहून वर्षभर थोरला!

मंत्रालयाच्या २०११ च्या संहितेनुसार महासंघाचा अध्यक्ष जास्तीत जास्त १२ वर्षं राहू शकत होता. गोंदियाच्या प्रफुल्ल पटेलांची फुटबॉल महासंघातली मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली, पण निवडणूक काही होईना. शेवटी मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रशासक नेमले. ऑगस्टमध्ये फिफाने भारतालाच निलंबित केलं, ११ दिवसांनी सोडलं. तेवढ्यात ताश्कंदला पोचलेल्या गोकुलम केरळच्या मुली न खेळताच परतल्या.

नियम मंत्रालयाचा, खुर्ची पुढाऱ्याची, भुर्दंड मात्र खेळाडूंना. असो.