नाच्या, मावशी आणि आपण



गुढीपाडवा जवळ आला की नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे कारभारी येतात, सुपारी देतात, यात्रेची तारीख पक्की करतात. यात्रेच्या रात्री आधी गण होतो, मग गवळण. गवळणीत पदर सावरत, हात नाचवत मावशी येते आणि सगळं पब्लिक हसतं. ही मावशी म्हणजे लुगड्यातला पुरुष. आज तिच्याबद्दल आणि तिच्या भावाबद्दल, म्हणजे नाच्याबद्दल बोलू.

जुन्या काळी तमाशात बाया नव्हत्या. पायात चाळ बांधून नाच्या पोऱ्याच बाई व्हायचा. पुढे आपल्या शेजारच्या संगमनेर तालुक्यातली हिवरगावची पवळाबाई पठ्ठे बापूरावांच्या फडात उभी राहिली आणि चित्र बदललं. तरी नाच्या गेला नाही. सोंगाड्यासोबत तोही फडात राहिला.

ही कला जगवली मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांनी. नारायणगावच्या भाऊ-बापूंच्या फडातून विठाबाई पुढे आल्या. खेळ चालू असताना त्यांना कळा आल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. ही हकिकत तुम्ही ऐकली असेल. १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हातून गौरव झाला, तरी २००२ साली त्या गेल्या त्या हलाखीतच. रात्री शिट्ट्या मारायच्या आणि सकाळी पंगतीला बसवायचं नाही, हा आपल्या गावांचा जुना रिवाज.

आता एक तुलना करून पाहा. बालगंधर्वही पुरुषच होते आणि रंगभूमीवर बाईच व्हायचे. त्यांची साडी नेसायची ढब, त्यांचे दागिने यांची नक्कल शहरातल्या बायका करायच्या. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. लुगडं दोघांनी नेसलं, पण बालगंधर्वांच्या वाट्याला मान आला आणि नाच्याच्या वाट्याला टिंगल. एकाची जात वरची होती आणि समोर तिकीट काढून बसलेले शिकलेले लोक होते. दुसऱ्याची जात खालची मानलेली आणि समोर यात्रेतली गर्दी.

सिनेमातही तेच झालं. कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी कितीतरी तमाशापटांत नाच्या रंगवला. ते बायकामुलांचे संसारी गृहस्थ. पण पडद्यावरचं सोंग लोकांनी खरं धरलं आणि बाहेरही त्यांच्याकडे संशयानं पाहिलं. २००८ साली ते गेले. पुढे २०१० मध्ये रवी जाधव यांचा ‘नटरंग’ आला. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा हा सिनेमा. त्यातला गुणा पैलवान गडी, पण फड उभा राहावा म्हणून नाच्या होतो आणि गाव, घर सगळं गमावतो.

इथं एक गोष्ट नीट समजून घेऊ. नाच्याचं काम करणारा प्रत्येक जण पुरुषावर प्रेम करणारा असतो, असं मुळीच नाही. आणि ज्याला पुरुषावर प्रेम वाटतं तो बायकी चालतो, असंही नाही. तो शेतात कुळव धरत असेल, दूध डेअरीला घालत असेल.

पण अशी माणसं सगळीकडे असतात आणि त्यांतले कलावंत इतिहासातून गाळले जातात. अमेरिकेत १९२०च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत काळ्या लेखक-चित्रकारांची मोठी चळवळ झाली. त्यांत ब्रूस न्यूजंट होते. पुरुषाच्या पुरुषावरच्या प्रेमाबद्दल त्यांनी १९२६ साली उघडपणे लिहिलं. गोरे त्यांना काळा म्हणून दूर ठेवत आणि स्वतःच्या लोकांतही अशा प्रेमाबद्दल गप्प राहायची रीत. २००४ साली रॉडनी इव्हान्स यांनी ‘ब्रदर टू ब्रदर’ नावाचा सिनेमा केला. बापानं घराबाहेर काढलेला आजचा एक तरुण चित्रकार म्हाताऱ्या न्यूजंटना भेटतो. आपल्याआधीही आपल्यासारखं कुणीतरी होतं, हे त्याला कळतं. एवढ्यानंही माणसाला उभं राहायला बळ येतं.

आपल्या मराठीतही २०२५ साली रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ आला. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याला मोठं बक्षीस मिळालं. वडील वारल्यावर मुंबईचा आनंद दहाव्यापर्यंत गावी राहतो. नातेवाईक लग्नाचा तगादा लावतात. लहानपणचा मित्र बाळ्या, शेतकरी, त्याला आधार देतो. आनंदच्या आईला सगळं ठाऊक असतं आणि ती त्याच्या पाठीशी असते. निवडुंगाचं बोंड आपण सगळ्यांनी खाल्लंय. वरून काटे, आत लालभडक गोड गर.

दोन सज्ञान पुरुषांचं राजीखुशीचं नातं आता गुन्हा नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तसा निकाल दिला. पण गावचा पार आणि घरचा उंबरा न्यायालयाच्या निकालानं बदलत नाही. तिथं आपलंच काम आहे.

पोराला ‘बायल्या’ म्हणून चिडवतात, तेव्हा ती शिवी खरं तर कुणाला असते? बाईसारखं असणं हीच शिवी, म्हणजे ती तुम्हाला-मला आहे. ती ऐकून आपण हसलो, तर स्वतःलाच हलकं म्हटल्यासारखं होईल. आणि मनाविरुद्ध अशा मुलाचं लग्न लावलं, तर त्याच्यासोबत एका मुलीचंही आयुष्य फुकट जातं. ती मुलगी आपल्यापैकीच कुणाची तरी असते.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की हा विषय काढा. आपल्या पोटच्या पोरानं असं काही सांगितलं, तर आपण त्याला काय उत्तर देऊ, एवढंच एकमेकींना विचारा.