मांजरीचं पिल्लू पहिल्यांदाच घरी आणताय? आधी ही तयारी करा

शनिवार पेठ (पुणे) : गावाकडं मांजर कुणी मुद्दाम आणत नाही, ते आपलं आपण येतं. माळ्यावर किंवा लाकडांच्या ढिगाआड पिल्लं होतात, आई त्यांना ‘सात घरं फिरवते’ आणि त्यातलं एखादं कुठंतरी टिकतं. शनिवार पेठेतल्या जुन्या वाड्यांतही असंच चालायचं. आता तिथं वाड्यांच्या जागी चार-पाच मजली इमारती उभ्या राहिल्यात. नोकरीसाठी किंवा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी पेठेत राहणारी आपली मुलं गावाकडून पिल्लू न्यायचं म्हणत असतील, तर एक गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. गावात जे मांजराला फुकट मिळतं, म्हणजे उंदीर, माती, उन्हाची जागा, चढायला झाड, ते सगळं फ्लॅटमध्ये आपल्याला द्यावं लागतं. गावातच पाळायचं असलं तरी पुढची बरीचशी माहिती कामाची आहे.

किती दिवसांचं पिल्लू आणावं?
किमान ८ आठवड्यांचं. डोळे उघडले म्हणजे आईपासून तोडायला हरकत नाही, असं समजू नका. आईचं दूध आणि भावंडांबरोबरचा खेळ या वयापर्यंत लागतोच. भाड्याच्या खोलीत राहत असाल तर घरमालकाला आधी विचारा. महिन्याभरात पिल्लू परत सोडायची वेळ आली तर हाल त्याचे होतात.

घरात आधी काय करून ठेवावं?
- बाल्कनी आणि खिडक्या : ग्रिलच्या फटीतून डोकं गेलं की पिल्लूही जातं. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मांजर कुरतडतं, सैल असेल तर त्यात अडकतंही. बारीक तारेची जाळी घट्ट बसवून घ्या.
- शी-शूची जागा : ३-४ इंच खोल पसरट टब घ्या आणि त्यात चाळलेली वाळू, कोरडी माती किंवा दुकानात मिळणारं लिटर भरा. लहान पिल्लू लिटर तोंडात घालतं, म्हणून सुरुवातीला गोळे न होणारं लिटर घ्यावं. टब जेवणाच्या भांड्यापासून लांब ठेवा आणि रोज साफ करा. घरात गरोदर बाई असेल तर हे काम दुसऱ्यानं करावं. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू पसरू शकतो आणि तो पोटातल्या बाळाला घातक ठरतो.
- विषारी वस्तू : उंदीर मारायचं औषध, फिनेल, कांदा-लसूण आणि लिलीची फुलं पिल्लाच्या वाटेत येऊ देऊ नका. विष खाल्लेला उंदीर खाऊनही मांजर दगावू शकतं.
- ओरबाडायला : सुतळी घट्ट गुंडाळलेला लाकडाचा ओंडका पुरतो. तो नसेल तर नखं गादीवर चालतात.

दूध-पोळीवर मांजर जगतं का?
मांजर म्हटलं की वाटीभर दूध हे आपलं ठरलेलं. पण आईपासून तुटलेल्या बऱ्याच पिल्लांना गाई-म्हशीचं दूध पचत नाही, जुलाब होतात. त्याहून मोठी अडचण पुढं आहे. मांजर हा मांसाहारी प्राणी. त्याला टॉरिन नावाचा घटक लागतो आणि तो मांसातूनच मिळतो. टॉरिन सतत कमी पडलं तर मांजर आंधळं होऊ शकतं, हृदयही कमजोर होतं. गावातली मनी दूध-भाकरी खाते, पण वरची तूट उंदीर-पाखरं मारून भरून काढते. तिसऱ्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमध्ये तिला ती सोय नाही.

त्यामुळं पिल्लांसाठीचं तयार खाद्य देणं सोपं पडतं. घरात मांस-मच्छी शिजत नसेल, तर हाच रस्ता. ज्यांना चालतं त्यांनी सोबत बिनमिठाचं, हाडं काढलेलं उकडलेलं चिकन द्यावं. दिवसातून ४ वेळा, थोडं थोडं. ताजं पाणी कायम भरलेलं हवं.

पहिले दोन दिवस
पिल्लू झाकणाच्या टोपलीत किंवा कॅरियरमध्ये न्या. गाडीवर नुसतं मांडीवर घेऊन बसू नका. आईच्या वासाचं एखादं फडकं सोबत घ्या. पहिले दोन दिवस एकाच खोलीत ठेवा. पलंगाखाली दडून बसलं तर ओढून काढू नका, आपसूक बाहेर येईल. थंडी असेल तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवा. दिवसभर काहीच खाल्लं नाही, उलट्या-जुलाब लागले किंवा अंग गळाठलं, तर डॉक्टरकडं न्यायला उशीर करू नका.

लस आणि औषध
- जंताचं औषध : आणल्यावर लगेच डॉक्टरांना विचारून, वजनानुसार.
- तीन रोगांची एकत्र लस : साधारण ८ आठवड्यांपासून, नंतर ३-४ आठवड्यांच्या अंतरानं पुढचे डोस. पॅनल्युकोपेनिया हा पिल्लांना झपाट्यानं मारणारा रोग याच लसीनं टळतो.
- रेबीजची लस : साधारण १२ आठवड्यांनी, पुढं डॉक्टर सांगतील तशी.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाण्याआधी मांजराची लस आहे का, ते फोन करून विचारा.

माणसांची औषधं मनानं देऊ नका. तापाची साधी पॅरासिटामॉलची गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते.

चावलं किंवा ओरबाडलं तर?
रेबीज फक्त कुत्र्यापासून होतो, हा गैरसमज आहे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट लावू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. सरकारी दवाखान्यात रेबीजची लस मोफत मिळते. ‘घरचंच पिल्लू आहे’ म्हणून अंगावर काढू नका.

नोंदणी आणि नसबंदी
पुणे महापालिकेनं २०२२ मध्ये पाळीव मांजरांची नोंदणी बंधनकारक केली. शनिवार पेठ महापालिका हद्दीत येते, त्यामुळं तिथं राहणाऱ्यांनाही हा नियम लागू आहे. रेबीज लसीकरणाचा दाखला जपून ठेवा.

मांजरी ४-५ महिन्यांतच गाभण राहू शकते आणि जेमतेम दोन महिन्यांत विते. २०२५ मध्ये हडपसरच्या एका फ्लॅटमध्ये ३०० हून अधिक मांजरी असल्याची तक्रार गाजली होती. नसबंदी केली नाही तर संख्या बघता बघता वाढते. पाचव्या-सहाव्या महिन्यात डॉक्टरांशी बोलून शस्त्रक्रिया करून घ्या, बोक्याचीही.

नको झालेली पिल्लं पोत्यात घालून लांब सोडून येण्याची रीत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. उपाशी मरेल अशा अवस्थेत जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. घरातलं मांजर १५ वर्षंही जगतं. तेवढा काळ सांभाळायची तयारी असेल, तरच टोपली घेऊन निघा.