दोन प्लेन, मधला करार

वाळूज एमआयडीसीत शिफ्ट सुटली की बजाजनगरच्या रस्त्यांवर असंख्य फोन एका टॉवरच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत शिरतात. बहुतेक फोन खिशातच असतात, तरी नेटवर्कला त्यांचा ठावठिकाणा ठेवावा लागतो, चालू कॉल एका टॉवरवरून दुसऱ्यावर सोपवावे लागतात. रात्री जेवणं आटोपली की उलटं होतं. फोन जागचे हलत नाहीत, पण व्हिडिओंचा लोंढा सुरू होतो. पहिला भार कंट्रोल प्लेनचा, म्हणजे नियंत्रणाच्या संदेशांचा; दुसरा युजर प्लेनचा, म्हणजे प्रत्यक्ष डेटाचा. ४जीच्या गेटवेमध्ये दोन्ही कामं एकत्र होती, म्हणून एकाची क्षमता वाढवताना दुसऱ्याचीही वाढवावी लागे. मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीने रिलीज १४ मध्ये, २०१७ साली, ती वेगळी केली.

पण वेगळं केल्यावर दोघांनी एकमेकांशी बोलायचं कसं? या विषयाची खरी गोडी मला तरी इथे वाटते. तयार प्रोटोकॉलचे पर्याय समोर होते. ओपनफ्लो २००८ पासून चर्चेत होता, इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफचा फोर्सेस २०१० मध्ये आला होता, डायमीटर तर ४जीत रोज राबत होता. ओपनफ्लो मुळात स्विचसाठी घडवलेला. पॅकेट कुठल्या पोर्टातून काढायचं हे त्याला नेमकं सांगता येतं. ‘या ग्राहकाचा इतका डेटा संपला की कळव’ किंवा ‘फोन झोपलाय, पॅकेट धरून ठेव’ हे मात्र त्याच्या मूळ आराखड्यात नव्हतं. ठिगळं लावता आली असती, पण मग ओपनफ्लो नावापुरताच उरला असता. थ्रीजीपीपीच्या सीटी४ गटाने त्यापेक्षा पीएफसीपी हा नवा प्रोटोकॉल लिहिला. तो यूडीपीच्या ८८०५ पोर्टवर चालतो आणि त्याच्या संदेशांची ठेवण अभियंत्यांच्या सवयीच्या, ४जीतल्या जीटीपी-सीसारखी आहे. म्हणजे नवेपणाही बेतानेच.

पीएफसीपीचं काम नियमांवर चालतं: पॅकेट कसं ओळखायचं, कुठे पाठवायचं, किती मोजायचं. चालू कॉलमध्ये टॉवर बदलला की ५जीत कंट्रोल प्लेनचा एसएमएफ युजर प्लेनच्या यूपीएफला फक्त डेटा वाहणाऱ्या बोगद्याचं नवं टोक कळवतो. बाकीचे नियम तसेच राहतात.

युजर प्लेनवर मात्र पॅकेटांना बोगद्याचं वेष्टण घालणारा जुना जीटीपी-यूच राहिला. रिलीज १६ च्या वेळी एसआरव्ही६ या पर्यायाचा अभ्यास झाला, तरी बदल झाला नाही. मला हा सावधपणा पटतो. अब्जावधी पॅकेटांच्या वाटेवरचं वेष्टण बदलायला नुसती सुबकता पुरेशी नसते.

डिसेंबर २०२२ च्या अखेरीस जिओचं स्टँडअलोन, म्हणजे ४जीच्या गाभ्यावर न टेकणारं, ५जी वाळूजलगतच्या या शहरात आलं, तेव्हा ते अजून औरंगाबादच होतं. स्टँडअलोन गाभ्यात एसएमएफ आणि यूपीएफ यांच्यातला दुवा पीएफसीपीचाच.

तेव्हा या, बिचकू नका. आयपी पत्ता आणि पॅकेट म्हणजे काय एवढं ठाऊक असलं तरी सुरुवात होते. लॅपटॉपवर ओपन५जीएस हे ५जी गाभ्याचं सॉफ्टवेअर चढवा, पॅकेट दाखवणाऱ्या वायरशार्कमध्ये ८८०५ पोर्ट पाहा. आधी दोन्ही बाजूंची ओळखपाळख होते, मग अधूनमधून खुशाली विचारणारे हार्टबीट दिसतात. पीएफसीपीचं थ्रीजीपीपी २९.२४४ हे जाडजूड मानक पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका. पॅकेट ओळखण्याच्या नियमांपासून धरा.