पुरीमला ‘होळीचा सण’ का म्हणत?

आमच्या आज्या पुरीमला ‘होळीचा सण’ म्हणत. इस्राएलात आल्यावर हे नाव आपल्यापैकी अनेकांच्या ओठांवरच अडले. लोक आपल्याला काय समजतील!

खरे तर ही तिथीची खूण आहे. होळी फाल्गुन पौर्णिमेची, पुरीम १४ अदारचा. दोन्हीकडे चांद्र महिने, दोन्हीकडे अधिक महिना. त्यांचा मेळ चुकला तर सण महिनाभर लांबतात, जसे २०२१ साली. एरवी शेजारी येतात. २०२४ साली तर पुरीम आणि होळी दोन्ही २४ मार्चलाच.

अलिबाग-रेवदंड्याकडे शिमगा दडून राहणारा सण नव्हे. पौर्णिमेच्या रात्री गावची होळी पेटते, नारळ आणि पुरणपोळीचा नैवेद्य पडतो, बोंबा उठतात, दुसऱ्या दिवशी धूळवड. प्रल्हादाला घेऊन आगीत बसलेली होलिका जळाली, तो वाचला, ही त्यांची कथा. मर्दखयासाठी उभारलेल्या खांबावर हामानच लटकला, ही आपली.

हिब्रू नावे विसरलेल्या शनवार तेल्यांनी शेजारच्या अंगणातला जाळ पाहून आपला दिवस धरून ठेवला. केहिमकरांच्या इतिहासात (छापला १९३७ साली, तेल अवीवला) अशी सणांची मराठी नावे नोंदलेली आहेत. होळीचा सण आहे, नव्याचा सण आहे, दारफळणीचा सण आहे.

आणि पुरणपोळी? ती आमच्याकडेही होते. तूप मात्र थोडे जास्तच.