भिक्षूचे ओळखपत्र

इम क्वॉन-तेक यांच्या १९८१ सालच्या ‘मंडल’ या कोरियन चित्रपटात सुरुवातीलाच एक बस तपासणी नाक्यावर अडवली जाते. जिसान या भिक्षूचे मुंडण आहे, अंगावर कफनी आहे. ओळखपत्र मात्र नाही, म्हणून त्याची चौकशी होते. बसमधल्याच एका तरुण भिक्षूशी, बॉबुनशी, त्याची गाठ पडते आणि दोघांची भटकंती सुरू होते. एक दारूबाज, संघाने टाकलेला. दुसरा नियम काटेकोर पाळूनही आतून कोरडाच. या जोडीत मोक्षाच्या दोन वाटा पाहता येतात, पण मला चित्रपटाचे मर्म त्या नाक्यावर दिसते. खरा भिक्षू कोण, हे ठरवण्यात कोरियात राजसत्तेचा हात नेहमीच राहिला आहे.

जोसॉन घराण्याच्या राजांनी भिक्षूंना राजधानीच्या वेशीआत मज्जाव केला होता. तो १८९५ मध्ये उठला, तोही एका जपानी भिक्षूच्या अर्जावरून! १९१० मध्ये जपानने देश गिळला. पुढच्याच वर्षी मोठ्या मठांचे प्रमुख गव्हर्नर-जनरलच्या मंजुरीने नेमले जाऊ लागले, आणि जपानी रिवाजाप्रमाणे लग्न करणारे भिक्षू वाढत गेले. १९५४ मध्ये अध्यक्ष सिंगमन री यांनी, जे स्वतः ख्रिस्ती होते, संसारी भिक्षूंनी मठ सोडावेत असे फर्मावले. मग मठांच्या ताब्यासाठी हाणामाऱ्या झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या. १९६२ मध्ये ब्रह्मचाऱ्यांचे वर्चस्व असलेल्या जोग्ये संघाला सरकारमान्यता मिळाली. विवाहितांनी १९७० मध्ये थेगो संघ वेगळा काढला. बाईच्या प्रकरणावरून बाहेर पडलेल्या जिसानला या भांडणापासून वेगळे काढताच येत नाही.

चित्रपटाच्या आदल्याच वर्षी, २७ ऑक्टोबर १९८० रोजी, लष्करी राजवटीने मठांवर धाडी घालून भिक्षूंना धरून नेले. पण ‘मंडल’ हे त्याला उत्तर होते असे म्हणणे ओढूनताणून ठरेल. किम सॉंग-दोंग या माजी भिक्षूची मूळ कादंबरी त्याआधीची आहे, आणि इम यांचा कॅमेरा माणसाच्या आतल्या तगमगीवरच जास्त रेंगाळतो. हे मान्य करूनही माझा मुद्दा सुटत नाही, उलट पक्काच होतो: नाका धाडींच्या आधीपासून उभा होता. कुणी किम की-दुक यांच्या २००३ मधल्या चित्रपटातल्या तरंगत्या मठाचा दाखला देईल, तिथे म्हणे निसर्ग आणि ऋतूच काय ते आहेत. मुळात तो मठ म्हणजे जुसानजी तलावावर उभारलेला सेट. आणि तिथेही पत्नीचा खून करून आलेल्या शिष्यामागे दोन पोलीस होडीतून येतातच. लाकडी फळ्यांवर सूत्र कोरून होईपर्यंत ते थांबतात, अक्षरांत रंग भरायलाही हात लावतात, आणि मग त्याला घेऊन जातात.