लिंकनचा बिशप आणि ज्ञानाचा प्रकाश



एखादी गोष्ट आपल्याला 'कळते' म्हणजे नेमके काय होते, या प्रश्नावर तेराव्या शतकातील इंग्लंडमध्ये मोठा खल झाला. त्यातील प्रमुख नाव रॉबर्ट ग्रोसटेस्ट. ऑक्सफर्डला त्याने फ्रान्सिस्कन साधूंना शिकविले आणि १२३५ पासून १२५३ साली मृत्यू येईपर्यंत तो लिंकनचा बिशप होता.

त्याच्यापुढे दोन ग्रीक वाटा होत्या. प्लेटोच्या मते इंद्रियांना दिसते ते अस्थिर. खरे ज्ञान अविकारी मूळ रूपांचे. संत ऑगस्टीनने ती रूपे परमेश्वराच्या मनात मानली आणि सांगितले की, सूर्याशिवाय डोळा आंधळा, तशी दैवी प्रकाशाशिवाय बुद्धी. ॲरिस्टॉटल मात्र इंद्रियांपासूनच आरंभ करतो. त्याच्या ग्रंथावर ग्रोसटेस्टने १२२० च्या दशकात भाष्य लिहून दोन्ही वाटा जोडल्या: देहभाराने निद्रिस्त झालेली बुद्धी इंद्रियानुभवाने जागी होते, परंतु प्रकाश देवाचाच. पुढे डन्स स्कोटसने त्या खास प्रकाशाची गरजच नाकारली.

मला, एका परिचारिकेला, त्या भाष्यातील स्कॅमनीचे उदाहरण विशेष भावते. स्कॅमनी ही रेचक मुळी. ती घेतल्यावर पित्त पडते असे वारंवार दिसले, की हेच कारण असावे अशी शंका येते. मग पित्त पाडणारी इतर सर्व कारणे दूर ठेवून ती पुनःपुन्हा द्यावी व पाहावे. रोग्याला एकाच दिवशी दोन नवी औषधे सुरू झाली, तर अंगावरचे पुरळ कशाने उठले हे सांगता येत नाही. वॉर्डात काम केलेल्या कोणालाही हे ठाऊक असते. (उदाहरण मूळ इब्न सिना या मुसलमान वैद्याचे, हेही सांगितले पाहिजे.)

आता दुसरी बाजू. १२३१ साली सायमन दे माँफर्टने लेस्टरमधून आपल्या लोकांना घालवून दिले. काहींनी विंचेस्टरच्या काउंटेसकडे आसरा घेतला. ग्रोसटेस्टने तिला पत्र लिहिले: यहुद्यांना ठार मारू नये; पण व्याजबट्टा करू देऊ नये, अंगमेहनतीने पोट भरायला लावावे. कारागिरांच्या संघांची दारे यहुद्यांना बंद होती. स्कॅमनीच्या बाबतीत इतर कारणे वेगळी काढणाऱ्या या विद्वानाने व्याजबट्ट्याचे हे कारण मात्र तपासले नाही. १२९० मध्ये राजा पहिला एडवर्ड याने समस्त यहुद्यांना इंग्लंडबाहेर काढले.

लिंकनच्या कॅथेड्रलमध्ये ग्रोसटेस्टची कबर आहे. तेथून स्टीप हिलचा उतार उतरून खाली आलात, की बाराव्या शतकातील एक दगडी घर लागते. लोक त्याला आजही 'ज्यूज हाउस' म्हणतात.